यादी खिडकीपाशी संपली

"नाव नाही," गव्हाणे सर म्हणाले.

"नीट बघा की सर," शकुंतलावहिनी म्हणाल्या. "टोणपे. शकुंतला मुरलीधर."

"मी नीटच बघतो, वहिनी. नीट बघण्यासाठीच मला बसवलंय."

तरीही ते उठले. हातात लाकडी पट्टी घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालत निघाले. सभेची मतदारयादी तपासायला बसवलेले गव्हाणे सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण पट्टी निवृत्त झाली नव्हती. वहिनी त्यांच्या मागे, वहिनींच्या मागे भाजीबाजारातल्या दोघी आणि त्यांच्या मागे रेल्वे क्वार्टर्समधून आलेल्या सगळ्या बायका, अशी मिरवणूक समता वाचनालयाच्या दिवाणखान्यातून निघाली आणि खिडकीपाशी येऊन थांबली. कारण यादी तिथे संपत होती.

आता ही यादी भिंतीवर आडवी का होती, ते सांगायला हवं. नाहीतर बाहेरगावच्या माणसाला आम्ही वेडे वाटू. कुर्डुवाडीतल्या माणसांना तसे वाटतोच.

वाचनालय काढलं भाई नेर्लेकरांनी. भाई कट्टर समतावादी. सभासदांची नावं एकाखाली एक लिहायची म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे एकाच्या डोक्यावर दुसरा? चालणार नाही. माणसं शेजारी शेजारी उभी राहतील." म्हणून पहिल्या दिवसापासून आमची यादी आडवी. सुरुवातीला कागदाला कागद चिकटवून, आणि पुढे एका बँकेने जुना कॉम्प्युटर दान दिल्यावर एक्सेलमध्ये, पण तशीच. एका माणसाला एक उभा रकाना, त्यात वर नाव, खाली पत्ता, खाली वर्गणी. नवा सभासद आला की उजवीकडे नवा रकाना. सभेच्या आधी ती छापायची, पानाला पान डकवायचं आणि दारापासून खिडकीच्या दिशेने ती पट्टी भिंतीला लावायची. आपलं नाव बघायचं तर चालावं लागे. भाई म्हणत, जाताना वाटेत बाकीच्यांचीही नावं वाचली जातात, ओळख वाढते.

मी आणि मुरलीधर टोणपे एकाच दिवशी सभासद झालो होतो. त्यामुळे आमची नावं भिंतीवर शेजारी शेजारी होती. बाहेरही आम्ही तसेच असायचो.

त्या दिवशीची सभा एका ठरावासाठी होती. वाचनालयाची रस्त्याकडची खोली सोलापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्या संस्थेला भाड्याने द्यायची की नाही. खोली म्हणजे बायकांची वाचनाची खोली. ती माझ्या बायकोने, प्रमिलाने, सुरू केली होती. दुपारी दोन ते पाच. तिचं म्हणणं असं की गावात बाईला बसायला देऊळ आहे, दवाखाना आहे आणि स्वयंपाकघर आहे; जिथे तीन तास कुणी चहा मागणार नाही अशी जागा नाही. ती गेल्यावर चार वर्षं शकुंतलावहिनी किल्ली सांभाळत होत्या. प्रमिलाला खांदा दिला त्यात पुढे उजवीकडे मुरली होता, तेव्हा खोलीच्या बाबतीत तो कुठल्या बाजूला असेल असा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नव्हता.

"माझं मत तुझ्याकडेच आहे, शिरपा," तो म्हणाला होता. "पण नुसत्या तुझ्या-माझ्या मताने काय होणार? खोलीत बसणाऱ्या बायका सभासदच नाहीत. त्यांना सभासद करून घे."

कल्पना त्याचीच. ते मी विसरलेलो नाही, आणि त्याने पुढे काय केलं हे कळल्यावरही मला ती कल्पना उत्तमच वाटते.

मी महिनाभर घरोघर हिंडलो. मास्तरकी सुटली होती, सोलापूरच्या पेपरात आठवड्याला एक सदर लिहायचो, बाकी वेळच वेळ. विनोदी लिहायचो, म्हणजे गंभीर गोष्ट सांगितली की लोक हसायचे. चाळीसेक बायका सभासद झाल्या. त्यांची नावं मी मुरलीच्या घरी बसून त्याच्या लॅपटॉपवर घातली. त्याच्या मुलाने, तुषारने, पुण्यातली नोकरी सुटून घरी येताना तो आणला होता. त्यात एक्सेलची नवी आवृत्ती. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर जुनी. नवी फाईल जुन्या मशीनला दाखवली की ते म्हणायचं, मी या बाईंना ओळखत नाही. मग ती जुन्या पद्धतीत सेव्ह करून न्यावी लागे.

"तू बाहेर चहा घे," मुरली म्हणाला. "जुन्यात मी घालून देतो."

मी ओसरीवर चहा घेतला. आलं घातलेला होता. जरा वेळाने मुरलीने पेन ड्राईव्ह आणून माझ्या खिशात घातला, वरून थोपटलाही. "झालं."

यादी आठवडाभर आधी भिंतीवर लागायची पद्धत. त्या वर्षी प्रिंटरची शाई संपली. शाई सोलापूरहून यायची होती, ती आणायची जबाबदारी मुरलीने घेतली होती. सभेच्या आदल्या संध्याकाळी ती आली आणि यादी सभेच्या सकाळी लागली. मी माझं नाव बघितलं, शेजारचं मुरलीचं बघितलं, आणि पुढे चालत गेलो नाही.

तर यादी खिडकीपाशी संपली होती. शेवटचं नाव बाबासाहेब गुंड, पिठाची गिरणी. गुंड स्वतः तिथे उभे होते आणि आपण शेवटचे आहोत याचा त्यांना फार अभिमान वाटत होता.

"पावत्या आहेत त्यांच्याकडे," मी म्हणालो. "माझ्या हाताने फाडल्यात."

"पावती म्हणजे वर्गणी," गव्हाणे सर म्हणाले. "भिंत म्हणजे मत. नियम आठ."

मी आत कॉम्प्युटरपाशी गेलो, फाईल उघडली आणि उजवीकडचा बाण दाबून धरला. नावं सरकू लागली. गुंडांपाशी येऊन मशीन थांबलं. पुढे रिकामा रकाना असता तरी चाललं असतं. रकानाच नव्हता. तक्ता तिथे संपत होता, टेबलाची कड संपावी तसा.

क्लासवाल्या संस्थेचा एक टाय लावलेला माणूस निकाल ऐकायला आला होता. तो खांद्यावरून डोकावला. "सर, हे जुनं व्हर्जन आहे ना, यात आडवे दोनशे छप्पन्नच रकाने. नव्यात हजारो. नव्यातलं जुन्यात सेव्ह केलं की पुढचं सगळं कट."

"आणि खाली?" कुणीतरी विचारलं.

"खाली पासष्ट हजार! खाली कितीही माणसं मावतात, सर. शेजारी मावत नाहीत."

भाई नेर्लेकरांचा फोटो समोरच होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

"मुरली," मी म्हणालो, "लॅपटॉपवर अख्खी फाईल आहे. घेऊन ये. पाच मिनिटांचं काम."

मुरलीने कपाळावरून रुमाल फिरवला. "तुषारने नेला रे पुण्याला. परवाच. मुलाखत होती त्याची."

शकुंतलावहिनी खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागल्या, तिथे काही छापलेलं नव्हतं तरी.

मी सभा तहकूब करायची सूचना मांडली. गव्हाणे सरांनी हात वर करायला सांगितलं. ज्यांची नावं यादीत नव्हती त्यांना हात वर करता येईना, कारण त्यांची नावं यादीत नव्हती. सूचना पडली. मुरली ठरावाच्या विरोधात बोलला. मग ठराव मताला आला आणि पास झाला. चिठ्ठ्या मोजून झाल्यावर फरक इतका थोडा होता, की अर्ध्या बायकांनी मत दिलं असतं तरी खोली राहिली असती. बायका मोजणी होईपर्यंत मागे उभ्या होत्या. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं आणि बसाही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव माझं सांत्वन करायला आलं. कुर्डुवाडी हे जंक्शन. छोटी लाईन आणि मोठी लाईन इथे भेटायची. छोट्या गाडीतला माल उतरवून मोठ्या गाडीत चढवण्यावर या गावाच्या कित्येक पिढ्या जगल्या. त्यामुळे जो तो एकच वाक्य बोले, "लाईन बदलताना दोन पोती पडायचीच, सर." वाक्यात इतकं शहाणपण होतं की मलाही ते पटलं. खुद्द मुरलीची सगळी नोकरी मालधक्क्यावर गेली होती. मालगाडीच्या या वाघिणीतून त्या वाघिणीत माल गेला की चढला किती, पोचला किती, हे ताडून बघणं एवढंच त्याचं काम. त्याच्या पाळीत पोतं हरवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. दुःखात माणसाला साध्या वजाबाक्या येत नाहीत.

"मशीनने घात केला, शिरपा," मुरली म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. डोळेही ओले होते त्याचे. "प्रमिलावहिनींची खोली गेली रे."

मी मग त्या आठवड्याचं सदर मशीनवर लिहिलं. मशीनला बायकांचं वावडं आहे, मशीन गव्हाणे सरांचा विद्यार्थी असणार, जुनं मशीन नव्या सुनांना घरात घेत नाही, असं बरंच. लोक खूप हसले. मुरलीने कात्रण काढून वाचनालयाच्या फळ्यावर लावलं. चार ठिकाणी टाचण्या मारून, अगदी सरळ.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, शकुंतलावहिनी आल्या. हातात पिशवी. खोलीतली तीन पुस्तकं त्यांच्या घरी राहिली होती.

"वाचनालयात द्यायची ना," मी म्हणालो.

"तिथे आता खोली नाही." त्यांनी पुस्तकं टेबलावर ठेवली. बसल्या नाहीत. "भाऊजी, तुमचं वाचलं."

"आवडलं?"

"हसू आलं. पण तुम्ही त्या मशीनला फार बोललात. त्याची काही चूक नव्हती."

मला वाटलं, विनोद आहे. मी हसलोसुद्धा. त्या हसल्या नाहीत.

"त्याने विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"मशीनने. तुम्ही ओसरीवर चहा घेत होता, मी ह्यांचा कप द्यायला आत गेले. पडद्यावर एक चौकट आली होती. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, खाली दोन बटणं. मी म्हटलं, काय म्हणतंय हो? हे म्हणाले, कडेचं काहीतरी पडेल म्हणतंय. आणि दाबलं."

"नजरचुकीने दाबलं असेल, वहिनी. आपण सगळेच तसं दाबतो. कोण वाचतं?"

"मलाही तसंच वाटलं. पण मग ह्यांनी फाईल बंद करून परत उघडली. पार कडेपर्यंत गेले. गुंड आले आणि संपलं. मी म्हटलं, अहो, माझं नाव आत्ता भाऊजींनी घातलं ना? हे कपातला चहा निवेपर्यंत नुसते बघत बसले होते. मग पेन ड्राईव्ह काढला, म्हणाले, असू दे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"तुम्ही सभेत का नाही बोललात?" मी विचारलं. विचारल्यावर मला माझीच लाज वाटली.

"सभेत मला वाटलं, हे आत्ता सांगतील. अजून सांगतील, अजून सांगतील, म्हणून मी बघत राहिले." त्यांनी पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "लॅपटॉप घरीच होता, भाऊजी. गाद्यांच्या कपाटात. तुषार मुलाखतीला गेला तो हात हलवत गेला. आता मुलाखत कसली म्हणा. क्लासवाल्यांनी त्याला कुर्डुवाडीचा व्यवस्थापक केलंय. एक तारखेपासून."

उंबऱ्यापाशी जाऊन त्या वळल्या. "मी सांगितलं असं ह्यांना सांगू नका असं म्हणणार नाही. सांगायचं तर सांगा."

मुरली रोज संध्याकाळी जुन्या मालधक्क्यावर बसायचा. धक्का ओस पडला होता, छोट्या लाईनचे रूळ उखडून नेले होते. बसायला मात्र दगड छान होता, दोघांपुरता. मी जाऊन शेजारी बसलो.

"मशीनने तुला विचारलं होतं?" मी म्हणालो.

त्याने कुणी सांगितलं असं विचारलं नाही. त्या वेळी आत तिसरं माणूस नव्हतं.

"विचारलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"पहिल्यांदा खरंच न वाचता दाबलं, शिरपा. आईशपथ. मग उघडून बघितलं. सवय रे. माल चढला की बघायचा."

"बघितलंस. आणि?"

"आणि मला पडद्यावरची नावं दिसेनात. मला तुषार दिसायला लागला. चौतीस वर्षांचा घोडा दुपारी बारापर्यंत झोपतो. उठतो, लॅपटॉप उघडतो, बंद करतो. त्याची आई त्याला दोनपर्यंत जेवायला घालते आणि त्या खोलीत पळून जाते. माझ्याकडे पळायला खोली नाही." त्याने दगडावरचा खडा उचलून उखडलेल्या रुळांच्या जागी फेकला. "क्लासवाले म्हणाले होते, जागा मिळाली तर मुलगा आमचा. मी त्यांना नाही म्हटलं होतं. तुझ्यादेखत बोललोय ना मी सभेत, ठरावाच्या विरोधात? ते मनापासून बोललो होतो. मी काहीच केलं नाही रे. नुसतं केलं नाही."

"शाई?"

त्याने आणखी एक खडा उचलला.

"शाई आली होती ना आधीच?"

"आली होती."

"आणि लॅपटॉप गाद्यांच्या कपाटात."

"तिने तेही सांगितलं," तो म्हणाला, जणू या सगळ्यात दगा कुणी दिला असेल तर तो शकुंतलावहिनींनी.

"मला सांगायचं होतंस, मुरली. खोली दे म्हणायचं होतंस."

"तू दिली असतीस?"

मी विचार केला. खरोखरच केला, कारण त्याला खोटं सांगायची मला सवय नव्हती.

"नसती दिली," मी म्हणालो.

"मग?"

"मग तू मागायची होतीस आणि मी नाही म्हणायचं होतं. भांडलो असतो. वर्षभर बोललो नसतो. पण ते आपल्या दोघांत राहिलं असतं. तू मला चाळीस घरं हिंडवलंस. माझ्याकडून तुझ्या बायकोचं नाव लिहून घेतलंस आणि मग तेच पाडलंस. वर माझं कात्रण फळ्यावर लावलंस. चार टाचण्या मारून."

"ते चांगलं जमलं होतं," मुरली म्हणाला. आणि यात कुठेही थट्टा नव्हती. त्याला ते मनापासून आवडलं होतं. माझ्या लिखाणाला इतका प्रामाणिक वाचक पुन्हा मिळाला नाही.

मी उठलो. तो म्हणाला, "बस की रे जरा." मी बसलो नाही. इतकंच झालं. लोक म्हणतात, मैत्री तुटली की आवाज होतो वगैरे. आमच्या मागे त्या वेळी मोठ्या लाईनवरून मालगाडी चालली होती, त्यामुळे झाला असल्यास ऐकू आला नाही.

गावात मी हे कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुषारची नोकरी गेली असती, वहिनींचं घर गेलं असतं आणि खोली परत आली नसती. शिवाय लोक हसले असते. दुसरं सदर लिहून मशीनची माफी मागावी असं मात्र बरेच दिवस मनात होतं.

पुढच्या वर्षीच्या सभेआधी एक सुधारणा झाली. असला घोटाळा पुन्हा नको म्हणून नव्या कार्यवाहांनी यादीची पद्धत बदलली. नवे कार्यवाह म्हणजे मुरलीच. यादी आता उभी. एकाखाली एक, कितीही माणसं आली तरी कुणी पडणार नाही. वर पदाधिकारी, मग बाकीचे आपापल्या क्रमाने. बदलाला कुणीच विरोध केला नाही. मीही केला नाही. सगळ्यांची नावं यावीत याला विरोध कसा करणार?

सभेच्या दिवशी मी गेलो तर आढ्याजवळच्या खिळ्याला टांगलेली कागदाची लांब पट्टी भिंतीवरून खाली उतरत होती. मुरलीचं नाव इतकं वर होतं की वाचायला मान दुखावी. माझं बरंच खाली, चांभारवाड्यातल्या एका मास्तरांच्या आणि एका डॉक्टरच्या मध्ये. दोघंही सज्जन. ओळख नव्हती.

भिंतीची उंची यादीला पुरली नव्हती. उरलेली यादी फरशीवर पसरली होती, आणि येणारी-जाणारी माणसं ती ओलांडून जात होती. पलीकडच्या खोलीतून तुषारचा आवाज येत होता. तो पोरांना सांगत होता, चौकट आली की आधी वाचा, मग दाबा.

शकुंतलावहिनी आल्या. त्यांनी वर बघितलंच नाही. पदर खोचला, फरशीवर उकिडव्या बसल्या आणि बोट लावून एकेक नाव वाचत गेल्या.

"सापडलं का?" टेबलामागून मुरलीने विचारलं. आवाजात काळजी होती. त्याने स्वतः तपासलं होतं, छापण्याआधी आणि छापल्यावर. "आहे ना या वेळी?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. उठल्या, हातावरची धूळ झटकली. "पायाशी आहे."